टेलच्या घरातले इंटरनेट

जगात जे जे वाहते ते वरून खाली येते, वाटेतले लोक ते पळवतात आणि शेवटचे घर कोरडे राहते, या एकाच सिद्धान्तावर सगळे विश्व उलगडून दाखवणारा माणूस मी एकच पाहिला : माझे मोठे मामा. त्यांची सारी नोकरी इटियाडोहच्या कालव्यावर पाणी वाटण्यात गेली. कालव्याच्या सुरुवातीला तिकडे हेड आणि शेवटच्या टोकाला टेल म्हणतात. टेलच्या बांधीत, म्हणजे शेवटच्या धानाच्या शेतात, पाणी चढल्याशिवाय मामा जेवायला घरी येत नसत, हे मामी आजही तक्रारीच्या सुरात सांगते. निवृत्तीनंतर त्यांनी मुर्रीला घर बांधले, तेही नेमके गल्लीच्या शेवटी. शिक्षणासाठी मी त्यांच्याकडेच राहत होते. पुढे घरात इंटरनेट आले आणि मामा पुन्हा कामावर रुजू झाले.

राउटर बैठकीत ठेवा, असे जोडणी देणाऱ्या माणसाने सुचवले होते. मामांनी तो माळ्यावर, थेट टिनाच्या छपराखाली चढवला. "पाणी खालून वर जाते का, बाई?" त्यांनी मला विचारले. उंचीची कल्पना तशी वाईट नव्हती, कारणमीमांसा मात्र साफ चुकीची होती, आणि उन्हाळ्यातले टिन कोणाचीच कारणमीमांसा ऐकून घेत नाही. दुपार झाली की हिरवा दिवा लाल होई. मी भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी. राउटर खाली आणून पंख्यासमोर ठेवला, तो चालला. वर ठेवला, बंद पडला. इतका स्वच्छ प्रयोग मी महाविद्यालयातही केला नव्हता. मामांनी निरीक्षण मान्य केले आणि निष्कर्ष फेटाळला. "दुपारी हेडवाले ओढून राहिले, म्हणून जाते. पंख्याचा काय संबंध?"

मग त्यांनी कालव्यासारखीच घरात बारी, म्हणजे पाळी, लावून दिली. संध्याकाळी मामीची मालिका, नंतर माझा अभ्यास, सर्वांत शेवटी त्यांच्या कुस्त्या. एकदा बारी नसताना मामीने बहिणीला व्हिडिओ कॉल लावला, तर मामा दारात उभे राहून गरजले, "पाणीचोरी होऊन राहिली!" मामीने फोन न ठेवताच सुनावले, "कायले ओरडता? बहिणीशी बोलून राहिली मी, तुमची नहर नाई फोडून राहिली!" दर रविवारी ते बांबूला फडके बांधून खांबापासून घरापर्यंतची वायर पुसून काढत. याला ते गाळ काढणे म्हणत. एका रविवारी वायरीचे नीट गुंडाळून ठेवलेले वेटोळे त्यांनी ओढून सरळ केले, कारण वळणावर पाणी मुरते. त्यानंतर आठवडाभर आम्ही तिघेही एकमेकांशी पुष्कळ बोललो.

अशात माझी संशोधन शिष्यवृत्तीची मुलाखत ठरली. दूरच्या संस्थेची, ऑनलाइन, आणि तीही भर दुपारी. ही संधी हुकली तर वर्ष वाया जाणार होते. मी नवा राउटर मागवला आणि तो बैठकीतच बसेल असे मामांना निक्षून सांगितले. वादाची पूर्ण तयारी करून मी उभी होते, पण ते इतकेच म्हणाले, "लाव." थोडे थांबून पुढे म्हणाले, "पण बाई, मशीन नवी झाली, घर तर टेललेच आहे ना?"

मुलाखत सुरू झाली. हिरवा दिवा स्थिर होता. पहिल्याच प्रश्नावर मी चाचपडत असताना गल्लीतून मामांची ललकारी आली, "बंद करा रे नेट! आज पोरीची बारी आहे!"

"काऊन काका? आमचं कनेक्शन अलग आहे ना!"

"अलग असो का फलग! खांब तर एकच आहे ना बे!"

"काका, मॅच चालू है!"

"मॅच उद्या भी होते. बंद कर!"

परीक्षकांपैकी एका सरांनी विचारले, "तुमच्याकडे आंदोलन वगैरे सुरू आहे का?"

मी म्हणाले, "नाही सर. पाणीवाटप सुरू आहे. माझे मामा करताहेत."

एक परीक्षक बाई मोकळेपणाने हसल्या, मीही हसले, आणि तुंबलेले भौतिकशास्त्र सुरळीत वाहू लागले.

मुलाखत संपवून मी बाहेर आले. भर उन्हात सगळी गल्ली उंबरठ्यावर बसली होती, फोन मांडीवर पालथे ठेवून. एकाही घरातून टीव्हीचा आवाज नव्हता. डोक्याला दुपट्टा गुंडाळून मामा मधोमध उभे होते. शेजाऱ्यांनी नेट बंद केल्याने आमच्या जोडणीला काडीचाही लाभ होत नाही, हे मी त्यांना तिथल्या तिथे पुराव्यानिशी पटवून देऊ शकले असते.

त्यांनी विचारले, "झालं? सोडू का?"

"सोडा, मामा."

त्यांनी हात वर केला. एकेक घर बोलू लागले, आणि शेवटच्या शेजाऱ्याचा टीव्ही वाजू लागल्यावरच मामा जेवायला आत आले.

माझी निवड झाली. आता मी दूरच्या शहरात, संस्थेच्या वसतिगृहात राहते. इथे नेट कधी जातच नाही, हे मी मामांना मोठ्या कौतुकाने फोनवर सांगितले.

मामा म्हणाले, "म्हणजे तुझ्यासाठी भांडाले तिथं कोणी नाई लागत."

"नाही लागत, मामा."

"बरं आहे," ते म्हणाले. पण त्यांना ते फारसे बरे वाटले नसावे. मलाही वाटले नाही.