पट्टी साहेबांच्या हातानं

"हात लावू नको त्या पट्टीला! ती साहेबांच्या हातानं सुटणार हाय."

अण्णासाहेब माझ्यावर ओरडले ते भरल्या मंगल कार्यालयात. सतरंज्यांवर म्हातारी माणसं रांगेनं बसवलेली. प्रत्येकाच्या एका डोळ्यावर पांढरी पट्टी. आदल्या दिवशी सगळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली होती. शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून, माझी आई. तिच्या पट्टीखालून पाणी गळत होतं. मी ते फक्त पुसायला वाकले होते.

मी तेव्हा बारामतीत अण्णासाहेबांच्याच ट्रस्टच्या दवाखान्यात आया होते. नव्वद साल नुकतंच सरलेलं. मोफत शिबिरांचं पेव फुटलेलं. शिबिर म्हटलं की मांडव, बॅनर, हार आणि पाहुणा. आणि डोळ्यांच्या शिबिराची एक रीतच पडून गेली होती. पहिली पट्टी पाहुण्यानं सोडायची. पट्टी सुटते, म्हातारं डोळा मिचकावतं, समोर पहिलं दिसतं ते साहेबांचं तोंड. फोटोवाला तेवढंच टिपतो.

आईला सुप्याकडच्या आमच्या वाडीवरून मीच आणलं होतं. आम्ही धनगर. आईनं उभी हयात मेंढरांमागं काढली. चारा मिळेना तेव्हा कळप विकला, त्यालाही कैक वर्षं झाली होती. तरी सकाळी रांगा लावताना वहिनीसाहेबांनी, म्हणजे अण्णासाहेबांच्या बायकोनं, नाकाला पदर लावला.

"हिला मागं बसवा गं. मेंढराचा वास मारतोय. पुढं जरा स्वच्छ दिसणारी बसवा, फोटोत यायचीत ती."

ऑपरेशनच्या आधी मी माझ्या हातानं तिला न्हाऊ घातलं होतं. साबण लावून, केस चोळून. धुतलेलं लुगडं नेसवलं होतं. वास कुठला? वास त्यांच्या नाकातच होता, आमची वाडी कुठली ते कळल्यापासून.

आईनं माझा हात चाचपला आणि उठली. नोकरी त्यांची होती. मी तिला मागं नेऊन बसवलं.

त्या दिवशीचे पाहुणे, म्हणजे पुढारी साहेब, सकाळीच यायचे होते. ऊन माथ्यावर आलं तरी पत्ता नाही. इंदापूरहून फोन आला, तिकडचं उद्घाटन लांबलंय म्हणून. तोवर इकडं हुकूम सुटलेला. कुणी हलायचं नाही. कुणी पट्टीला हात लावायचा नाही. एक आबा केविलवाण्या आवाजात म्हणाले, "बाहीर जायचं हाय वं." कार्यकर्ता म्हणाला, "साहेब गेल्यावर जावा की. आता येतीलच." आबांचं धोतर बसल्या जागी भिजलं. त्यांनी मान खाली घातली ती वर केली नाही. मी फडकं घेऊन गेले तर माझाही हात त्यांनी बाजूला सारला.

आणि आई कण्हायला लागली. माझी आई कण्हणारी नव्हे. पायात बाभळीचा काटा मोडला तरी सुईनं काढून चालू पडणारी बाई.

"ठणकतंय गं. आतनं कुणी टोचतंय जणू."

मी डॉक्टरांकडे धावले. तरुण होते, पुण्याहून आणलेले. म्हटलं, आईचा डोळा ठणकतोय, एकदा बघा. त्यांनी डोळ्याकडे नाही, आधी अण्णासाहेबांकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "सगळ्यांच्या पट्ट्या एकदमच सोडायच्यात, बाई. अर्धा तास थांबा."

शिकलेला माणूस. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच पेशंटचा डोळा तपासायचा, हे त्याला मी सांगायचं होतं का? त्याला सगळं ठाऊक होतं. तो भ्यायला होता, एवढंच. माझ्यासारखाच.

तो अर्धा तास सरला, दुसराही सरला. आईच्या गालावरून पाणी ओघळत राहिलं. ते पुसायला मी वाकले आणि अण्णासाहेब ओरडले. तेवढ्यावर थांबले नाहीत.

"फुकटात डोळं मिळत्यात तर दम निघंना व्हय तुमाला? घरी काय डाक्टर पाळलाय?"

पुढच्या खुर्च्यांवरची मंडळी हसली. मोकळं, पोटभर हसली. माझे कान तापले. हातातलं फडकं मी नुसतं पिळत राहिले.

आई माझ्या कानाशी आली. आवाज अगदी बारीक.

"मेंढराचा डोळा आला तर आमी आधी त्येला बघायचो. मग भाकरी खायचो. आन् हितं..." पुढचं तिनं गिळलं. "जाऊ दे. तुजी नोकरी हाय."

त्या 'जाऊ दे'नं माझं डोकं फिरलं. तिचा डोळा जळत होता आणि ती माझी नोकरी सांभाळत होती. मला माझी लाज वाटली. आणि लाजेच्या पाठोपाठ राग आला.

मी तिला उठवलं. रांगांच्या मधून, सगळ्यांच्या देखत, सरळ पुढं नेलं.

अण्णासाहेब आडवे आले. "कुठं निघालीस? नोकरी करायचीय का न्हाय?"

"न्हाय करायची. सरका."

ते सरकले. का सरकले, मला अजून कळलेलं नाही. कदाचित दवाखान्यातल्या आयाच्या तोंडून 'न्हाय' हा शब्द त्यांनी आयुष्यात ऐकला नसेल. स्टेजवर साहेबांसाठी मांडलेली खुर्ची होती, पाठीवर पांढरा टॉवेल घातलेली. मी आईला तिच्यात बसवलं. डॉक्टरांना म्हटलं, "तुमी सोडताय का मी सोडू?"

डॉक्टरांनी सोडली. पट्टीला पू लागला होता. पापणी सुजून बंद झालेली. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "हिला आत्ताच्या आत्ता पुण्याला न्यायला पाहिजे," म्हणाले.

मागून आवाज आला, "माजी बी सोडा." ओल्या धोतराचे आबा उभे राहिले होते. मग आणखी एक म्हातारी उठली. मग रांगच मोडली. डॉक्टर खाली मान घालून एकेकाची पट्टी सोडत गेले. आम्ही तिथून निघालो. साहेब आले तेव्हा सोडायला पट्टीच उरली नव्हती, म्हणून पुढच्या रांगेतल्या दोघांना पुन्हा पट्ट्या बांधल्या आणि साहेबांकडून सोडवून घेतल्या. हे मला नंतर आबांनी सांगितलं. सांगताना थुंकले.

पुण्याच्या डॉक्टरांनी एकच विचारलं, "सकाळीच का नाही आणलं?"

आईच्या त्या डोळ्याला आता उजेड तेवढा कळतो. माणूस कळत नाही. ट्रस्टनं नंतर काळा चष्मा पाठवला, तो मी परत धाडला. नोकरी गेली ती गेलीच.

त्याला तीन-चार वर्षं झाली. यंदा आईचा दुसरा डोळाही पिकलाय. चुलीपुढं बसून ती विस्तव हातानं शोधते. शिबिर परत लागलंय, तेच मंगल कार्यालय, तेच अण्णासाहेब. दुसरीकडे न्यायची आमची ऐपत नाही. आई म्हणते, "नगं गं बाई. ऱ्हाऊ दे आंधळीच." ती भिते. तिनं भ्यावं असंच झालंय.

पण मी तिला नेणार आहे. वाडीवरची आणखी म्हातारी माणसं माझ्याबरोबर येणार आहेत, ते आबासुद्धा. मी घरोघरी जाऊन सगळ्यांना सांगून ठेवलंय, आणि सगळ्यांनी मान डोलावलीय. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी आम्ही कुणीही रांगेत बसणार नाही. दिवस उगवला की डॉक्टरांच्या टेबलापुढं उभं राहायचं. हार घेऊन कुणीही येवो, कितीही मोठा येवो. आधी डॉक्टर हात धुणार, आईची पट्टी सोडणार, डोळा बघणार. तोवर त्या कार्यालयाच्या दारात पाहुण्याला अडवून मी उभी असेन, आणि यंदा हिरावून घ्यायला त्यांच्या हातात माझी नोकरीही नाही.