दिल्लीच्या काकूची तब्येत

संत्र्याच्या बाजारात सालपटं आणि किस्से, दोन्हींचे ढीग सारखेच वाढतात. सालपटं निदान गाय खाते! परवा पुतण्यानं दुकानात कम्प्युटर आणला आणि मला बजावलं, "काका, पासवर्ड कोणाले सांगू नका." म्हटलं, "बेटा, आमच्याही धंद्याले पासवर्ड होता. नेहमी आजारी असायचा बिचारा!"

*

तेव्हा नागपूरहून दिल्लीला ट्रंक कॉल म्हणजे बोंबलून बोलायचं काम. माझा मामेभाऊ प्रभाकर दिल्लीच्या मंडीत बसून रोजचा भाव कळवायचा. मी इकडे "काय? किती?" म्हणून ओरडत तोच भाव परत म्हणायचो, आणि भिंतीपलीकडचे बापूराव, आमचे पक्के स्पर्धक, माझा रिसीव्हर खाली येण्याआधीच पेट्या भरायला घ्यायचे. चोरानं गल्ला फोडला तर एक दिवस जातो. भाव फोडला तर सीझन जातो!

म्हणून प्रभाकरनं काकू काढली. "काकू बरी आहे" म्हणजे माल पाठव. "ताप आहे" म्हणजे थोडाच पाठव. "काकू गेली" म्हणजे एकही पेटी हलवू नको. माझे वडील एकुलते एक. घरात काकाच नाही, तर काकू कुठून येणार? असला पासवर्ड कोणाच्या बापाला कळणार!

*

एकदा मंडी कोसळली. मी फोनवर ओरडलो, "काय? काकू गेली?"

लगेच बापूराव टोपी सारखी करत हजर. मान खाली घालून बसले. "माणूस गेल्यावर काय राहते गा भाऊ," म्हणाले. डोळ्यांत खरंच पाणी! मी हसू दाबायला तोंडावर उपरणं धरलं; त्यांना वाटलं, हुंदका.

पुढं भाव चढला. मी खुशीत ओरडलो, "काकू बरी आहे? वा!"

भिंतीपलीकडून आवाज आला, "काहून गा, तुमच्या घरी मेलेली माणसं बी बरी होतात?"

त्या दिवसापासून आमच्या काकूच्या एकाही शब्दावर बापूरावांचा विश्वास उरला नाही.

*

आईला मात्र हे पटत नसे. "नसलेल्या माणसाचं आजारपण रोज बोलू नये गा. ऐकून राहिली असन तर?"

मी हसण्यावारी नेलं.

मग एकदा बोलता बोलता कॉल जोडून देणारी एक्स्चेंजची बाई मध्येच म्हणाली, "भाऊ, पेशंटले फोनजवळ काहून बसवलं? किती खोकून राहिल्या त्या!"

खोकला मलाही ऐकू येत होता. मला वाटायचं, प्रभाकरच्या खोलीत कोणी असेल.

"माझ्या खोलीत?" प्रभाकर म्हणाला. "मले वाटलं, तुझी आई हाय."

आई माहेरी, उमरेडला गेली होती.

बाई म्हणाली, "बोला ना, कॉल चालू आहे!"

*

त्या वर्षी आमचा माल आधीच वाटेत सडला होता. आता शेवटची वॅगन. हीही गेली असती, तर दुकानाला कुलूपच. आणि नेमकी वादळानं दिल्लीची लाइन बंद! प्रभाकरची खबर नाही, वॅगन भरून तयार.

भर दुपारी फोन वाजला. एक्स्चेंजची बाई नाही, "दिल्ली, बोला" नाही. नुसता खोकला. मग बारीक, दमलेला आवाज:

"काकू बोलून राहिली, बाबू. मी गेली."

मी स्टेशनवर धावलो आणि पेट्या उतरवायला लावल्या. हमाल भडकले, "शेठ, आत्ताच तर भरल्या ना!" बापूरावांनी त्याच गाडीला आपला माल लावला आणि माझ्याकडे पाहून मिशीत हसले.

दिल्लीत मंडी बंद पडली होती. त्यांची संत्री डब्यातच सडली.

लाइन काही सुरू झाली नाही. प्रभाकरच गाडीत बसून आला. दारातूनच म्हणाला, "किती कॉल लावले, एक लागला नाही! माल गेला ना?"

"नाही पाठवला."

"तुले कोणी सांगितलं?"

"काकूनं."

तो हसला नाही. तेवढ्यात बापूराव आत आले. टोपी हातात.

"मलेही आला होता तिचा फोन, माल लावू नका म्हणून," ते म्हणाले. "मले वाटलं, तुमचीच चाल हाय. 'माझ्यासाठी तुम्हीच एकटे रडले होते,' म्हणे, 'म्हणून सांगते.'"