मालकांच्या विहिरीतली लाल दवा

लाल दवेची बादली मी विहिरीत सोडणार, तेवढ्यात डॉक्टरसाहेबांनी मागून दोर धरला.

"दाई, थांब. ही विहीर राहू दे."

"काहून, साहेब?"

"मालकांची आहे."

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. मी सरकारी दवाखान्यात दाई होते. एरवी बाळंतपणं करायची, आणि पटकीची साथ आली की डॉक्टरांसंगं गावोगाव फिरायचं, अशी ड्यूटी. पटकी म्हणजे कॉलरा. उलट्या-जुलाबांनी माणूस दोन दिवसांत चिपाड होतो. रोग पाण्यातून पसरतो, म्हणून जांभळे खडे बादलीत विरघळवून विहिरीत सोडायचे. पाणी गुलाबी होतं. दुसऱ्या दिवसापर्यंत कोणी भरायचं नाही. बस, एवढंच काम.

गाव निजामाच्या मुलखातल्या पुसेगावच्या बाजूचं. नाव सांगत नाही, मालकांच्या घरची नातवंडं अजून आहेत. उन्हाळ्यानं बाकीच्या विहिरी तळाला गेलेल्या, पाणी काय ते देशमुख मालकांच्या मळ्यात. तिथून बायांनी एकेक घागर न्यायची, तीही मालकांच्या मर्जीनं. पटकीनं पाच माणसं गेली होती. मालक आंब्याखाली बाजेवर बसलेले.

"माझ्या मोसंब्या ते लाल पाणी पिऊन वाळल्या तर?" ते म्हणाले. "रोग धनगरवाड्यात आहे. माझ्या विहिरीत न्हाई."

"मालक, धनगरवाडा ह्याच विहिरीचं पिऊन राहिला."

"डॉक्टर, तुमच्या दाईला लय तोंड आहे."

साहेब हसले. त्यांचं जेवण मालकांकडं होतं ना! तहसीलदार आले की तेही तिथंच जेवत. गावचा पाटील मालकांचा चुलतभाऊ. आता तक्रार करावी कोणाकडं, तुम्हीच सांगा. हुकूम हैदराबादहून निघायचा, पण गावात शिरायला त्याला मालकांची परवानगी लागायची.

जेवण झाल्यावर साहेबांनी उर्दूतला रिपोर्ट माझ्यापुढं सरकवला. जिनं दवा टाकली तिचा अंगठा त्यावर लागायचा. दाईला वाचता येत नाही, असं त्यांनी धरलं होतं. मी शाळेत गेले नव्हते, ते खरं. पण बाटल्यांवरच्या उर्दू चिठ्ठ्या बघून बघून अक्षरं शिकले होते. जहर कोणतं आणि शरबत कोणतं, हे कळायला नको? कागदावर लिहिलं होतं, गावातल्या सर्व विहिरींत दवा टाकली.

"साहेब, सर्व न्हाई. एक राहिली."

साहेबांनी कागद मागं ओढला. "तुला वाचता येतं?"

"थोडं थोडं."

"नोकरी जाईल, दाई."

"बाया बाळंत व्हायच्या थांबत न्हाईत, साहेब. करीन काहीतरी."

बोलले खरी, पण नवरा गेलेला, पदरात दोन लेकरं.

अंगठ्याबिगर रिपोर्ट वर जाईना. "कबूल होईस्तोवर इथंच राहा," म्हणून साहेब निघून गेले. मालक भडकले. "माझी विहीर वाईट ना? मग गावानं तिला हातच लावू नये." विहिरीवर काठीवाला गडी बसवला.

बायांनी मला काय काय ऐकवलं! "दाईबाई, तुमच्या शहाणपणापायी आमच्या घागरी कोरड्या!" मी त्यांच्यासंगं ओढ्यात गेले, वाळू उकरून झिरे केले. झिऱ्यात पाणी थेंबाथेंबानं साचतं. डब्यात उरलेली दवा मी चिमटी-चिमटीनं घागरींत टाकली. गुलाबी पाणी बघून लेकरं खिदळायची.

आठवड्याच्या आत धनगरवाड्यातली पटकी थांबली आणि मालकांच्या घरात शिरली. कारण विहिरीचं पाणी आता फक्त तेच पीत होते.

आधी त्यांच्याकडं पाणी भरणारी कोंडाबाई उलट्या-जुलाबांनी गेली. घरचे म्हणाले, ऊन लागलं. दोन दिवसांनी धाकट्या सुनेला तसंच झालं, तेव्हा त्याला पटकी म्हणाले.

मालक स्वतः मला बोलवायला आले. "मथुराबाई, चला." पहिल्यांदाच नाव घेतलं.

सून माझ्या लेकीएवढी. तिच्याकडं बघून माझा राग उतरला. विहिरीचं तिला कोण विचारणार होतं? मीठ घातलेली पेज दिवसभर चमच्या-चमच्यानं पाजली. पोरगी वाचली. विहिरीत दवेची बादली सोडली तेव्हा दोर मालकांनीच धरला होता. मोसंब्यांना काही झालं नाही.

मग साहेब आले, रिपोर्ट घेऊन. "आता तरी अंगठा लाव."

मी वाचला. "पटकीनं मेलेल्यांत कोंडाबाईचं नाव न्हाई."

"तिला ऊन लागलं होतं."

मी मालकांकडं पाहिलं. ते मग हळूच म्हणाले, "लिहा, डॉक्टर."

साहेबांनी लिहिलं. मी परत वाचलं आणि अंगठ्याऐवजी सही केली. वाकडीतिकडी, पण माझी.

नोकरी टिकली. पुढं निजामाचं राज्य गेलं, कागद मराठीत यायला लागले. वाचायला सोपे झाले. तरी सही मागायला आलेला साहेब जेवला कोणाकडं, हे मी नोकरी सुटेपर्यंत आधी विचारत आले.