दोन खुर्च्या मांडून ठेवलेली बाई

निवडणुकीच्या तोंडावर शिवणबाईचा गुडघा सुजला आणि तिनं ठरवून टाकलं, यंदा मतदानाला गाडीनंच जायचं. गाड्या दोन्ही पक्ष पाठवतात. टेकडीवाल्यांचा पक्ष टेकडीवाल्यांना नेतो, नदीवाल्यांचा नदीवाल्यांना. तिसरा पक्ष काढायची गावात कुणाची छाती नाही.

बाई जन्मानं टेकडीवाली, लग्नानं नदीवाली. नवरा होता तोवर लोक त्याच्या तोंडाकडे बघून गप्प बसत. तो जाऊन नऊ वर्षं झाली. आता टेकडीवाले म्हणतात, ती नदीची झाली. नदीवाले म्हणतात, रक्त काय बदलतंय थोडंच! झेंडे मात्र दोघांनाही तिच्याच हातचे हवेत. टीप सरळ येते ना, मग झालं. एक आठवडा मशीनवर पिवळा दोरा, पुढचा आठवडा तपकिरी.

प्रचारवाले दारोदार फिरू लागले. बाईनं खोली झाडली, चिंध्या पलंगाखाली लोटल्या, दोन खुर्च्या मांडल्या. शेजारच्या दारावर थाप पडली, समोरच्या दारावर पडली. तिच्या दारावर काही पडेना. शेवटी झेंडे न्यायला आलेल्या कार्यकर्त्याला तिनं उभ्या उभ्या विचारलं,

"काय रे, माझं मत नको का तुम्हाला?"

"मावशी, गरिबाची चेष्टा करता होय? तुमचं ठरलेलंच असणार."

"कुणाला?"

"आता ते आमच्या तोंडून कशाला वदवता!" तो गठ्ठा बगलेत मारून हसत गेला. दुसऱ्या पक्षाचा आला, तोही हेच बोलला. तेवढी एकी होती.

मतदानाच्या दिवशी इस्त्रीचे कपडे घालून ती सकाळीच दारात बसली. पहिली गाडी आली, टपावर तिनंच शिवलेला झेंडा. "मावशी, तुमची येतेय मागून!" मागून दुसरी आली. "काकू, अजून नेलं नाही तुमच्या लोकांनी?" दुपारपर्यंत दोन्ही गाड्यांच्या चार-चार फेऱ्या झाल्या.

तीनला ती उठली. कापड मोजायचा लाकडी गज काठीसारखा टेकत निघाली. अर्ध्या तासाच्या वाटेला तिला दीड तास लागला. शाळेच्या फाटकाशी दोन्ही पक्षांची टेबलं होती. डाव्या टेबलानं यादी न उघडता उजवीकडे बोट दाखवलं, उजव्यानं डावीकडे. ती मधून सरळ आत गेली.

आतल्या अधिकारी बाईंनी तिचं नाव मोठ्यानं वाचलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, काही न गाळता.

"बरोबर आहे ना?"

"पुन्हा एकदा वाचता?"

त्यांनी वाचलं. मग तिनं शाईसाठी बोट पुढे केलं.

मत तिनं दिलं. कुणाला, ते तिनं आजवर सांगितलेलं नाही; कुणी विचारलंच नाही.

घरी खुर्च्या तशाच मांडलेल्या होत्या. एकीवर ती बसली, दुसरीवर सुजलेला पाय ठेवला.