कात्रीताईचा डूख

पार्लरवालीला सगळे कात्रीताई म्हणत, हातातल्या कात्रीमुळे थोडं आणि जिभेमुळे जास्त. समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांवर तिने डूख धरला होता आणि तो ती लपवतही नव्हती.

तरुणपणी पाळी आली की ती फरशीवर गडाबडा लोळायची. तेव्हा हेच डॉक्टर हसून म्हणाले, "सगळ्याच बायकांना दुखतं. लग्न झालं की थांबेल." लग्न झालं, दुखणं थांबलं नाही. मग म्हणाले, "मूल झालं की थांबेल." मूल झालंच नाही. सासू म्हणाली कांगावा आहे, नवऱ्याने दुसरं घर केलं. शेवटी दुसऱ्या शहरातल्या एका डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीने पोटात पाहिलं आणि दुखण्याला नाव दिलं, एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर आतड्यांवर वाढलं होतं, सगळं एकमेकांना चिकटलं होतं.

"इतकी वर्षं काय करत होतात?" बाईंनी विचारलं.

"सहन करत होते. तसंच सांगितलं होतं मला."

परत आली ती वचपा काढायचा ठरवूनच. गिऱ्हाइकाचं डोकं बेसिनवर टेकलं, केसांत फेस झाला, की बाई उठून पळू शकत नाही. नेमकं तेव्हाच ती विचारायची, "पाळीत कामाला जाता येतं का? शौचाला दुखतं? नवऱ्याजवळ जायची भीती वाटते?" कुणी लाजायचं, कुणी डोळ्यांत साबण गेला म्हणत रडून घ्यायचं. अशा बाईला ती डॉक्टरीणबाईंचा पत्ता द्यायची आणि वर समोरच्या डॉक्टरांची बिनपाण्याने हजामत करायची. हळूहळू दवाखान्यातली बाकं रिकामी दिसू लागली. सकाळी शटर उघडताना ती बाकं बघितली की तिला चहा जास्त गोड लागायचा.

एके दिवशी डॉक्टरांची मुलगी केस कापायला आली. कॉलेजातली पोर. अंगावर पांघरलेल्या कापडाखाली तिने दोन्ही हात पोटावर दाबून धरले होते. कात्री थांबली.

"दुखतंय?"

"दर महिन्याला. मागची परीक्षा बुडाली."

"बाबांना सांगितलंस?"

"म्हणाले, नाटकं करू नकोस. सगळ्यांनाच दुखतं."

दुखू दे, कात्रीताईच्या मनात आलं. त्याच्याच घरात दुखू दे. तिने पुसलेला कंगवा पुन्हा पुसला. सूड आपल्या पायांनी चालत येऊन खुर्चीत बसला होता, तिने फक्त तोंड मिटून केस कापायचे होते. आजवर तिला वाटायचं, आपण साध्या घरातल्या, म्हणून त्याने आपल्याला झटकलं. या माणसाने तर पोटच्या पोरीचंही ऐकलं नव्हतं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने कात्री ठेवली, डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि पोरीसाठी वेळ घेतली.

"बाबांना काय सांगू?" पोरीने घाबरत विचारलं.

"त्यांना बरोबर ने. बाई दुखण्याचं नाव सांगतील, तेव्हा त्यांच्याकडे बघून विचार, बाबा, माझ्याआधी अशा किती जणींना घरी पाठवलंत?"

"ते नाही उत्तर देणार."

"मला नसतं दिलं," कात्रीताई म्हणाली. "तुझ्यासोबत त्यांना एका घरात राहायचंय."