ट्रॉली मागे घेण्याचं शिक्षण

व्हिडिओ गेममधून मुलांना शिक्षण मिळतं, हे वाक्य मी घरात उच्चारलं तेव्हा माझी तब्येत बरी होती.

आम्ही जुळे सोलापुरात राहतो. मी, बायको वैशाली आणि पाचवीतली सई. सईच्या टॅबवर शेतीचा एक गेम आहे. त्यात नांगरायचं, पेरायचं, ट्रॅक्टर चालवायचा आणि ट्रॉली मागे घेऊन गोदामाला लावायची. ऑफिसातून दमून आलो की मीही सईशेजारी बसायचो. (मुलांच्या खेळावर पालकांचं लक्ष असावं म्हणून. पुढे पुढे सई अभ्यासाला बसली तरी माझं लक्ष चालूच असायचं.)

एप्रिलात वैशालीनं टॅब कपाटात टाकायचं ठरवलं.

"अगं, शैक्षणिक आहे तो," मी म्हणालो.

"काय शिकली ती?"

"शेती."

"बरं. रविवारी मोडनिंबला जाऊ. भाऊजींच्या शेतावर काय शिकलीय ते दिसेल. नाही दिसलं तर टॅब दिवाळीपर्यंत कपाटात."

दिवाळी सहा महिने लांब होती. मी सईकडे बघितलं, सईनं माझ्याकडे. दोघंही खचलो.

मोडनिंबला माझे थोरले भाऊ असतात, दत्तादादा. त्यांनी सईची परीक्षा अंगणातच घेतली.

"सांग बरं, पेरायच्या आदी काय बघायचं?"

"माती ओली आहे का ते," सई म्हणाली. "आणि आधी काय पीक होतं तेपण. दरवेळी एकच लावलं तर जमीन थकते."

"आयला, पोरगी हुशार हाय की," दादा म्हणाले.

परीक्षा इथंच संपली होती. वैशालीच्या चेहऱ्यावर नापसंतीचं काही दिसत नव्हतं. शहाण्या माणसानं चहा मागितला असता. मी म्हणालो, "दादा, त्यात ट्रॉली मागे घ्यायलापण शिकवतात. मलासुद्धा येतं आता."

"तुला?" दादांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. फार वेळ लागला नाही.

"पप्पा, नको," सई हळूच म्हणाली. "गेममध्ये तुमची सारखी आडवी होते."

तेवढ्यात लाईट आली. दादा मोटर चालू करायला विहिरीकडे निघाले आणि जाता जाता बजावून गेले, "मी आल्याबिगर हात लावू नको, बरं का. माझं ऐक." वैशाली हातपाय धुवायला अंगणाच्या कडेच्या न्हाणीघरात गेली. अंगणात राहिलो मी, ओट्यावर सई, आणि समोर रिकामी ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर. (किल्ली त्यालाच होती. खेड्यात माणसं एकमेकांवर फार विश्वास टाकतात.)

माझा बेत साधा होता. वैशाली बाहेर येईपर्यंत ट्रॉली गोठ्याच्या भिंतीला नीट लावून ठेवायची आणि काही न बोलता खाली उतरायचं.

ट्रॅक्टर चालू झाला. मागे निघाला. इथपर्यंत सगळं गेमसारखंच होतं. मग ट्रॉली उजवीकडे जायला लागली, म्हणून मी स्टेअरिंग डावीकडे फिरवलं. ती आणखी उजवीकडे गेली. मी आणखी डावीकडे फिरवलं. वहिनींनी दोन दिवस खपून घातलेल्या कुरडया उजवीकडेच चादरीवर वाळत होत्या. चाकाखाली त्यांचा जो आवाज झाला, तो मला अजून जेवताना ऐकू येतो.

मी घाबरून ब्रेक दाबला. गेममध्ये ब्रेक बोटाखाली असतो, इथं ब्रेकचेच दोन पेडल होते, आणि माझा पाय दोन्हींच्या मधोमध पडला. ट्रॅक्टर थांबला तेव्हा ट्रॉलीचा मागचा कोपरा न्हाणीघराच्या दाराला टेकला होता. दार बाहेर उघडणारं होतं.

"कोण आहे?" आतून वैशालीचा आवाज आला. "दार का उघडत नाही?"

"दोन मिनिटं," मी म्हणालो.

"ट्रॅक्टरवर तुम्ही आहात का?"

लग्नाला चौदा वर्षं झाली की उत्तराची गरज नसते.

आवाजानं वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. आधी कुरडयांकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांनी दादांना फोन लावला. मोटरच्या आवाजात दादांना तो ऐकू गेला नाही. आत पत्र्याखाली एप्रिलचं ऊन तापत होतं.

"मागं घेऊन जरा सरळ करतो," मी म्हणालो.

"आता मागं काय घेता?" आतून वैशाली म्हणाली. "मागं मी आहे."

सई ओट्याच्या कडेला, मला दिसेल अशी उभी राहिली. "पप्पा, दुमडली की मागं घ्यायची नसते. स्टेअरिंग सरळ करा. पहिला गिअर टाका. क्लच हळू सोडा. आता पुढं."

मी निमूटपणे पुढे गेलो. ट्रॉली शहाण्या बैलासारखी सरळ झाली. वैशाली बाहेर आली. घामानं चिंब भिजली होती आणि शांत होती. ती शांत असलेली मला आवडत नाही.

"आता मागं लावायची का भिंतीला?" सईनं विचारलं. "लेफ्टला पाठवायची असेल तर स्टेअरिंग राईटला, पप्पा. उलटं असतं."

"तू खाली उतर," असं वहिनीसुद्धा मला म्हणाल्या. एरवी त्या मला अहोजाहो करतात.

दादा आले. अंगणातल्या चाकाच्या खुणा त्यांनी खाली वाकून शेवटपर्यंत वाचल्या. "हितं डावीकडं वळवलंस व्हय?" एवढंच म्हणाले. वहिनींनी मोडलेल्या कुरडया वेगळ्या डब्यात भरून मला दिल्या. "भावजी, या तुमच्या," त्या म्हणाल्या. पुन्हा अहोजाहो सुरू झालं, एवढाच काय तो दिलासा.

परतीच्या वाटेवर वैशालीनं निकाल दिला. गेम शैक्षणिक आहे. सईनं रोज अर्धा तास खेळावा. टॅबला नवा पासवर्ड घालावा आणि तो मला सांगू नये.

सईला माझी दया आली. दोन दिवसांनी तिनं माझ्या फोनवर एक गेम टाकून दिला. तीन वर्षांपुढच्या मुलांसाठी आहे, रंग ओळखायचे असतात. "इथून सुरुवात करा, पप्पा. घाई करू नका."

मी घाई करत नाही. गेले चार दिवस जांभळ्यापाशी अडलोय.