अक्षता पडलेलं पिस्तूल

स्टुटगार्टजवळ गेर्लिंगेनला नोकरीला असताना मी पिस्तूल बाळगून होतो, हे पुण्यात अजून कुणाला खरं वाटत नाही. फराइनमध्ये, म्हणजे गावच्या नेमबाजी क्लबात, वर्षभर दुसऱ्यांच्या पिस्तुलांनी कागदाला भोकं पाडली, परीक्षा दिली, परवाना मिळवला आणि मगच घेतलं. सेमी-ऑटोमॅटिक, पण दुकानातलं सगळ्यात स्वस्त. चाप इतका जड, की गोळीआधी माझा खांदाच सुटेल. नेम धरायची माशी एवढी जाड, की तिच्याआड लक्ष्यच काय, मागची भिंतही लपायची.

क्लबचा अध्यक्ष निवृत्त टूलमेकर. त्यानं ते हातात तोललं आणि म्हणाला, "डब्याचं झाकण उघडायला उत्तम!"

झालं! मेकॅनिकल इंजिनिअरला असं डिवचतात का? जिल्हास्पर्धेसाठी चौघांचा संघ निवडायचा होता. त्यात जायचं, आणि याच डबड्यानं जायचं, अशी मी शपथ घेतली. चापाची स्प्रिंग बदलली, बारीक माशी बसवली, अक्रोडाची मूठ महिनाभर तासून हाताच्या मापाची केली.

निवडीच्या दोन दिवस आधी खंडेनवमी आली. सासूबाई तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्या होत्या. पाटावर मिक्सर, लॅपटॉप, नट आवळायचे पाने मांडून झाले आणि त्यांचं लक्ष माझ्या पिस्तुलाच्या तिजोरीकडे गेलं.

"अहो जावईबापू, घरात खरंखुरं शस्त्र, आणि पूजा मिक्सरची?"

"आई, परवाना माझ्या नावावर आहे. तुम्ही हात लावलात तर मी तुरुंगात."

"मी कशाला लावतेय हात? ठेवा तुम्ही."

मी पिस्तूल काढलं, रिकामं असल्याची खात्री केली आणि नियमाप्रमाणे वरची स्लाइड मागे ओढून उघडंच ठेवलं. हात लावायचा नाही म्हणून सासूबाईंनी लांबूनच, लग्नात टाकतात तशा, मूठभर कुंकवाच्या अक्षता उधळल्या. वर बजावलं, "पूजलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत खोलायचं नाही हं." मी वरवर कुंकू पुसून ते तिजोरीत ठेवलं. दसऱ्याला एवढं श्रीखंड हाणलं, की खोलून पुसायचं राहूनच गेलं.

निवडीला पाच गोळ्या होत्या. पहिली: दहा गुण. दुसरी: दहा! अध्यक्षाच्या मिशा हनुवटीपर्यंत उतरल्या. तिसरीला खट्! स्लाइड अर्ध्यातच अडकली. मी हात वर केला. अध्यक्षानं पिस्तूल रिकामं करून खोललं आणि चिमट्यानं ग्रीसमध्ये लडबडलेला एक लाल दाणा बाहेर काढला.

"हा कुठला पार्ट?"

"तांदूळ."

मी पूजा, सासूबाई, लांबून टाकलेल्या अक्षता, सगळं सांगितलं. तोवर वेळ संपली होती. अध्यक्षानं नियमांची वही चाळली.

"आल्झो, म्हणजे असं बघ, पिस्तुलाचा दोष असता तर फेरी पुन्हा दिली असती. सासूबाईंचा दोष नियमात बसत नाही."

पाचांत तीन गोळ्या शून्य! संघ चौघांचा, मी पाचवा. राखीव.

सासूबाईंनी मात्र त्याच दिवशी पुण्याला फोन लावला, "जावई जर्मनीकडून खेळताहेत!"

स्पर्धा आमच्याच क्लबात भरणार होती; आदल्या दिवशी मी अध्यक्षाला विचारलं, "राखीव माणसानं करायचं काय?"

त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या कानाशी वाकला.

"तांदूळ आण. सासूबाईंनाही आण. पाहुण्यांच्या पिस्तुलांची पूजा राहिलीय."